भिंतीवरची वीट

"फुकटात बघणाऱ्याला फॅन कसं म्हणायचं?"

पुण्याहून आलेले साहेब माझ्या बॉसना, निखिल सरांना, म्हणाले. माझ्याशी ते बोलत नव्हते. मी त्यांच्या मागं थोडी दूर उभी होते. ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात, मोबाइल आडवा धरलेला, आणि आमच्या नहरपुऱ्याच्या मैदानाचे फोटो काढणं चाललेलं. दोन माणसं मोजपट्टी ताणत गोलपोस्टपासून भिंतीपर्यंत चालली होती.

"फॅन नाही सर, पब्लिक म्हणायचं," निखिल सर म्हणाले. दोघं हसले. मी फोटो काढत राहिले.

'आमच्या' हा शब्द मी आता सहज लिहून गेले. त्या सकाळी तो माझ्याजवळ नव्हता. मी या मैदानाच्या मागच्याच गल्लीत राहते हे ऑफिसमध्ये कुणाला माहीत नाही. विचारलं तर मी "छावणीच्या बाजूला" म्हणते आणि विषय संपतो. त्या दिवशी घरून निघून मी आधी सिडकोतल्या ऑफिसात गेले, तिथून ऑफिसच्या गाडीत बसून अख्खं शहर ओलांडून पुन्हा घराच्या मागं आले. "सर, सकाळीच जाऊया, उजेड चांगला असतो," हेही मीच सुचवलं होतं. उजेडाचं खरं नव्हतं. सकाळी वाळूजच्या कंपन्यांच्या बस भरून गेलेल्या असतात, मुलं शाळेत असतात, आणि भिंतीवर कुणी नसतं. मला ओळखणारं कुणी तिथं नसावं, एवढंच मला हवं होतं.

भिंत रिकामीच होती. एका टोकाला चुन्यानं रंगवलेली एक वीट तेवढी होती.

दर वर्षी हे दिवस असेच येतात. दिवाळीचे आकाशकंदील उतरलेले असतात, परीक्षा अजून लांब असते, सकाळी ओठ फुटायला लागतात. सिल्लोडकडून कापसाच्या गाड्या सुरू होतात. दोऱ्यांनी आवळून बांधलेला कापूस तरी बाहेर फुगलेला असतो, आणि मैदानाच्या कडेच्या बाभळींना घासून जातो. मग बाभळीच्या काट्याकाट्यावर पांढरे पुंजके अडकतात. लहानपणी मला वाटायचं, कापूस बाभळीलाच येतो. शाळेत चित्रकलेच्या वहीत मी तसं झाड काढलं होतं. मिसनं त्याच्याखाली लाल पेनानं प्रश्नचिन्ह काढलं. घरी येऊन मी खिडकीतून बघितलं, झाड तसंच होतं.

बाभळी पांढऱ्या झाल्या की चुना भिजत घालायचा. गंजक्या ड्रममध्ये चुन्याच्या कळ्या टाकल्या की चर्र आवाज व्हायचा, वाफ निघायची, आणि तो वास गल्लीभर पसरायचा. तळाला भोकं पाडलेल्या डब्यातून रेषा मारल्या जायच्या, थोड्या वाकड्या, दर वर्षी तेवढ्याच वाकड्या. भिजलेल्या चुन्याचा वास आला की मला फुटबॉल आठवतो. दुसऱ्या कुणाला तो गवताच्या वासानं आठवत असेल. आमच्या मैदानावर गवत कधी नव्हतंच. माती आणि मुरूम. गोलकीपरनं उडी मारली की धूळ उठायची, आणि ती खाली बसेपर्यंत गोल झाला की अडला हे कळायचं नाही. तेवढा वेळ सगळी भिंत श्वास रोखून असायची. मला अजूनही कुठल्याही निकालाची वाट बघताना डोळ्यांसमोर तीच धूळ दिसते.

भिंत म्हणजे नहरीची भिंत. शहराला पाणी आणणाऱ्या जुन्या दगडी कालव्यांचा एक फाटा आमच्या मोहल्ल्याखालून जातो. मैदानाच्या कडेला तो जरासा वर येतो आणि पुन्हा जमिनीत शिरतो. जिथं वर येतो तिथं त्याच्यावर एक बुटकी, रुंद भिंत आहे, आणि तिच्या टोकाला नहरीचं तोंड, लहानशा विहिरीसारखं उघडं. टीमचं नावही तिच्यावरूनच पडलं. कागदोपत्री नहरपुरा इलेव्हन, बोलण्यात नुसती नहर. "आज नहर कुणाशी?" "नहर हरली का जिंकली?" घरातल्या पोरीची चौकशी करावी तसं.

नहरीत बॉल पडायचाच. प्रत्येक मॅचला एकदा तरी. बॉल नहरीत गेला की आमच्याकडं थ्रो नाही, कॉर्नर नाही. खेळ थांबतो, आणि बॉल वर येईपर्यंत दोन्ही टीमनं पाणी प्यायचं. हा नियम कुणी केला ठाऊक नाही. सिल्लोडची टीम जीपमध्ये कोंबून यायची, गंगापूरची यायची, त्यांनाही तो पाठ होता. पूर्वी म्हणे नहरीचंच पाणी प्यायचे. माझ्या वेळी तोंडाशी माठ ठेवलेले असायचे, आता जार असतात. गंगापूरवाले स्वतःबरोबर उसाची मोळी आणायचे आणि पाण्याच्या वेळी समोरच्या टीमलाही कांडकी वाटायचे. मॅच संपली की भिंतीखाली चिपाडांचा ढीग आणि त्यावर मुंग्या.

बॉल काढायचं काम सलीम चाचांचं. त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. हातांना सदैव वार्निशचा वास. सायकलच्या रिमला दोरी विणून त्यांनी झोळी केली होती. ती नहरीत सोडायचे, मान तिरकी करून, मासा गळाला लागतोय की काय अशा चेहऱ्यानं. वरून पोरं ओरडायची, "चाचा, जल्दी!" ते खालूनच उत्तर द्यायचे, "पानी पियो पहले. बॉल कहीं भाग के नै जाता."

भिंतीवर कुणी कुठं बसायचं हे ठरलेलं होतं. नहरीच्या तोंडाशी सलीम चाचा, त्यांच्या डावीकडं आमच्या घरचे, मग पुढं बाकीचे, थेट बाभळीपर्यंत. लिहिलेलं कुठंच नाही. नवा माणूस चुकून कुणाच्या जागी बसला तर त्याला कुणी उठवत नसे. सगळे फक्त त्याच्याकडं बघत राहायचे. थोड्या वेळानं तो आपोआप उठायचा, आणि आपण का उठलो हे त्याला कळायचंही नाही.

आणि भिंतीवरचं माणूस गेलं, तर पुढच्या हंगामात त्याच्या जागी वीट ठेवतात. रेषा मारून उरलेल्या चुन्यात बुडवलेली वीट. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तशी ती जागा धरलेली असते. कितीही गर्दी असली तरी तो हंगामभर तिथं कुणी बसत नाही. गोल झाला की शेजारचे विटेवर थाप मारतात आणि हाताला लागलेला चुना पँटला पुसतात. वर्ष झालं की वीट निघते. घरचं कुणी त्या जागी येतं. कुणीच नसलं तर सगळे जरा जरा सरकतात, आणि भिंत पुन्हा भरल्यासारखी दिसते. या प्रकारात कुणाला डोळे पुसताना मी बघितलेलं नाही. शिव्या मात्र ऐकल्यात. "बघ बुढ्ढ्या, तू गेल्यावर जिंकायला लागले," असं विटेला सांगणारी माणसं मी ऐकली आहेत.

मी भिंतीवर बसले तो हंगाम मी नववीत असतानाचा. त्याच्या आदल्या वर्षी आजोबांची वीट होती. त्याआधी मी खाली, भिंतीला टेकून उभी राहायचे. पहिल्याच मॅचला पप्पांनी वीट उचलून बाजूला ठेवली, हातानं जागा झाडली आणि मला म्हणाले, "बस. जागा किती दिवस थंड ठेवायची?"

मागून कुणीतरी म्हणालं, "पोरीला बसवता व्हय भिंतीवर?"

सलीम चाचांनी मान न वळवताच सांगितलं, "जगह उसके दादा की है. तेरे दादा की नै."

दगड ऊन ऊन होता. माझे पाय खाली टेकत नव्हते. समोर पूर्ण मैदान एकदम दिसलं, आजवर माणसांच्या पाठींमधून तुकड्या तुकड्यांनी दिसलेलं. मला वाटलं, सगळे माझ्याकडंच बघतायत. खरं तर कुणीच बघत नव्हतं, सगळ्यांचं लक्ष टॉसकडं होतं. पण ती भीती मी त्या दिवशी बरोबर घेऊन बसले ती अजून उतरलेली नाही.

सलीम चाचा मला 'अंग्रेजी' म्हणायचे. त्यांच्याकडं घड्याळ असायचं, तरी मलाच विचारायचे, "किती मिनिटं राहिली, अंग्रेजी?" मी मनात ट्वेंटी-नाइन म्हणायचे आणि मराठीत अडकायचे. एकोणतीस की एकोणचाळीस, हे मला झटकन कधीच कळलं नाही. "फीस भर भर के बाप सूख गया," ते पप्पांना सांगायचे, "और लडकी की गिनती तीस के पहले अटकी!" पप्पा हसायचे. मीही हसायचे. मग ते हळू आवाजात म्हणायचे, "एक बार तो चिल्ला बेटा. मुंह में दही जमा है क्या?"

मी कधी ओरडले नाही. शेजारी पप्पा उठून उभे राहायचे, कंपनीत सुपरवायझरसमोर एक शब्द न बोलणारा माणूस पंचाच्या सात पिढ्या काढायचा. मला ओरडायचं नव्हतं असं नाही. ओरड आत तयार व्हायची, गळ्यापर्यंत यायची, आणि तिथं ती कुठल्या भाषेत ओरडावी हा प्रश्न उभा राहायचा. 'कमॉन' म्हणावं तर शाळेतली वाटेन, 'मार रे!' म्हणावं तर तो आवाज माझा वाटणार नाही. तोवर बॉल दुसरीकडं गेलेला असायचा.

त्या हंगामात नहर फायनलला गेली. समोर सिल्लोड. शेवटची काही मिनिटं, बरोबरी, आणि आमचा फॉरवर्ड एकटा गोलकीपरसमोर. त्याच्या पायातून बॉल निसटला, डिफेंडरला लागून उडाला आणि थेट नहरीत. अख्खी भिंत "अरे!" म्हणून उठली. आमच्याच कुणीतरी ओरडून सांगितलं, "नियम-बियम सोडा, कॉर्नर घ्या!" सलीम चाचांनी झोळी उचलली आणि ती हातात धरून नुसते उभे राहिले. पहिलं पाणी सिल्लोडच्या गोलकीपरनं प्यायलं तेव्हा त्यांनी ती खाली सोडली. त्या थांबण्यात सिल्लोडच्या पोरांना दम मिळाला. पेनल्टीत आम्ही हरलो.

संध्याकाळी सगळे नहरीलाच बोल लावत होते. "स्वतःच्याच टीमला बुडवलं हिनं." देगीत मटणाचा खलिया शिजत होता, जिंकलो तरी शिजणार होता, हरलो तरी. नान तोडता तोडता सलीम चाचा म्हणाले, "नहर किसी की तरफ से नै खेलती. उसका काम पानी पिलाने का." कुणाला पटलं नाही. मला तेव्हा पटलं की नाही, आठवत नाही. खलिया तिखट होता, डोळ्यांत पाणी होतं, आणि ते कशाचं हे मी कुणाला सांगायची गरज नव्हती, एवढं आठवतं.

सोमवारी शाळेत वर्गातली मुलं इंग्लंडमधल्या मॅचबद्दल वाद घालत होती. एकीनं मला विचारलं, "तू कुणाची?" मी लाल जर्सीच्या एका क्लबचं नाव सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं. तो क्लब मला आवडायचा, त्यांच्या खेळाडूंची नावं मला पाठ होती, पप्पांनी रविवारच्या बाजारातून घेतलेली त्यांची नकली जर्सी माझ्याकडं होती. पण तो क्लब हरला तर माझं जेवण जायचं नाही. तो ज्या शहरातला, ते शहर मला नकाशात दाखवता आलं नसतं. त्या शहरातही कुणीतरी म्हातारा ठरलेल्या जागी बसत असेल, आणि कधीतरी त्याचीही जागा कुणी मोजपट्टीनं मोजली असेल, हे तेव्हा सुचलं नव्हतं. आता सुचतं. आता वाटतं, मी टीव्हीवर ज्या प्रेक्षकांना बघत होते त्यांच्यापैकी किती जण नव्या खुर्चीत बसून मनातल्या मनात जुन्या दगडावर बसले असतील.

नावं बदलतात, ते मला कळतं. शहराचं बदललं तेव्हा भिंतीवर दोन दिवस जोरात वाद झाला, मग मॅच सुरू झाली आणि वाद पंचाकडं वळला. मम्मी माहेरी फोनवर एक नाव सांगते, पप्पा एस.टी. स्टँडवर चौकशी करताना दुसरं, आणि दोघंही बरोबर ठिकाणी पोचतात. नावानं माझी झोप जात नाही. जागेनं जाते.

आमच्या ऑफिसला यंदा शहराच्या नव्या लीगचं काम मिळालं. मैदानं भाड्यानं घेतली जाणार, टीम विकल्या जाणार, टीव्हीवर दिसेल असं सगळं होणार. नहरचं नाव आता 'डेक्कन थंडर'. ते मी सुचवलेलं नाही. पण त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमधली चूक मी दुरुस्त केली होती. टीमची 'हेरिटेज' सांगणाऱ्या चार ओळी इंग्रजीत लिहायचं कामही माझ्याकडं आलं. मी शौर्य लिहिलं, दख्खनची माती लिहिली, किल्ला लिहिला. नहर लिहिली नाही. लिहिली असती तर कुणीतरी विचारलं असतं, "हे तुला कसं माहीत?"

आणि याच पावसाळ्यात सलीम चाचा गेले. दुकानात, स्टुलावर बसल्या बसल्या. दिवाळीनंतर चुना भिजला तेव्हा पप्पा एकटेच मैदानावर गेले आणि आले तेव्हा त्यांची नखं पांढरी होती. जेवायला बसले तेव्हा मला ती बोटं दिसली.

सर्वे झाल्याच्या दुसऱ्या दिवशी जेवताना पप्पांनी विषय काढला. "कोण्या कंपनीचे लोक आले होते म्हणं मैदान मोजायला. गाडी घिऊन."

"कुठली कंपनी?" मम्मी म्हणाली.

"काय म्हाईत. लीग होणार हाय म्हणं. टीमचं नाव बी बदलणार. थंडर का काय."

"थंडर म्हणजे?"

"ढगांचा गडगडाट," मी म्हणाले. तेवढं मला माहीत होतं.

मम्मी हसली. "इथं पाऊस पडंना, आन् गडगडाट कुठून आणणार?"

पप्पाही हसले. मग म्हणाले, "पोरं लई खूश हायेत. बूट भेटणार, खरं गवत येणार, कपडे बदलायला खोली. आमच्या टायमाला पोरं अनवाणी खेळली. वाईट काय हाय त्याच्यात?" त्यांनी भाकरी मोडली, पण घास घेतला नाही. "फक्त बसायचं कुठं, ते कुणी सांगंना."

मी भूक नसताना वरण वाढून घेतलं. मला माहीत होतं बसायचं कुठं ते. आराखड्याची फाइल माझ्या बॅगेतल्या लॅपटॉपमध्ये होती, आणि बॅग पप्पांच्या पाठीमागं खुंटीला होती. नहरीच्या भिंतीच्या जागी 'व्हीआयपी स्टँड' होता, निळ्या रंगात. बाभळींच्या जागी पार्किंग. नहरीच्या तोंडावर झाकण आणि त्यावर जाहिरातीचा फलक. मी तो आराखडा इतक्या वेळा उघडून बघितला की ती निळी पट्टी डोळे मिटले तरी दिसायची. ऑफिसात ती बघताना मला पप्पांची भीती वाटायची आणि घरी पप्पांना बघताना ऑफिसची. दोन्हीकडं कुणी मला काही म्हणालं नव्हतं.

आणखी एक गोष्ट आहे. त्या सकाळी भिंत रिकामी होती, पण मैदानावरून शकीला खाला गेल्या. सलीम चाचांची बायको. गिरणीतून पिठाचा डबा घेऊन, बुरख्याच्या बाहीवर पीठ उडालेलं. मी दिसले तशा त्या थबकल्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं, गळ्यातल्या ओळखपत्राकडं बघितलं, साहेबांकडं बघितलं. आता त्या "श्वेतू" म्हणणार, आणि सर वळून बघणार. पण त्यांनी नजर वळवली आणि अनोळखी माणसाजवळून जावं तशा निघून गेल्या. विटेपाशी पोचल्यावर डबा कमरेच्या दुसऱ्या बाजूला घेतला, एवढंच.

मला वाटलं, त्या रागावल्या. ते ओझं घेऊन मी पुढचे दिवस वावरले; गल्लीतून जाताना त्यांचं दार आलं की फोन कानाला लावायचे. मग एका संध्याकाळी मम्मी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, ती म्हणाली, "शकीला भाभी भेटली होती. म्हणाली, श्वेतू साहेबलोकांसोबत होती, कामात होती, म्हणून आवाज नाही दिला. उसको कायकू शरमिंदा करना, म्हणाली."

मम्मीनं माझ्याकडं बघितलं. मैदानावर कुठलं काम, हा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर आला आणि गेला. ती पुन्हा शेंगा सोलायला लागली. तिनं पप्पांना सांगितलं का, मला माहीत नाही. पण त्यानंतर पप्पांनी त्या कंपनीचा विषय काढला नाही, आणि ते मला जास्त लागलं.

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. ज्या बाईच्या घरची वीट भिंतीवर आहे, तिला वाटलं की तिनं मला ओळखणं ही माझ्यासाठी लाजेची गोष्ट आहे. तिचा अंदाज चुकलेला नव्हता. मी जपून राहते, कमी बोलते, लोकांना वाटतं मी नम्र आहे. कदाचित मी आयुष्यभर असंच केलंय: जिथं माझी जागा धरलेली आहे तिथून उठून, जिथं कुणी मला ओळखत नाही तिथं उभी राहिले. आणि फोटोही तसाच काढला. मी वेळच अशी निवडली की भिंत रिकामी दिसावी. आता तो फोटो साक्ष देणार होता की या भिंतीवर कुणी बसत नाही.

परवा ऑफिसात भिंतीचा निर्णय होता. एसी इतका थंड की मी ओढणी दोन्ही हातांवर घेतली होती. पुण्याचे साहेब, निखिल सर, आम्ही दोघं-तिघं. सर वाईट माणूस नाहीत. मुलाखतीत माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता तेव्हा "लिहून दे" म्हणून त्यांनी कागद पुढं केला होता. तसं कुणी आधी केलं नव्हतं. त्यामुळं त्यांच्यासमोर विरोधात बोलायचं म्हणजे मला दुप्पट कठीण.

साहेब समजावत होते. प्रत्येक हाफमध्ये एक हायड्रेशन ब्रेक, तो पाण्याच्या कंपनीला विकायचा, स्क्रीनवर त्यांचा लोगो. "लोकांना हे नवीन वाटेल," ते म्हणाले. मला एकदम झोळी दिसली, टपटपणारी, तिच्यात चिखलानं माखलेला बॉल. हसू आलं आणि ते मी खोकल्यात घालवलं.

मग भिंतीचा फोटो स्क्रीनवर आला. माझा फोटो. उजेड खरंच चांगला होता. दगडावर कोवळं ऊन, मागं बाभळी, त्यांच्या काट्यांवर कापूस. लांबच लांब रिकामी भिंत.

"वापरात नाही ना काही?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही सर. रिकामीच असते," निखिल सर म्हणाले. त्यांनी जे बघितलं तेच ते सांगत होते. मी जे दाखवलं तेच.

"मग पाडायला हरकत नाही. हा फोटो जुनं आणि नवं दाखवायला वापरू. फक्त ती एक वीट मध्ये येतेय. कुणी ठेवलीय कशाला, कोण जाणे. तेवढी काढून टाका त्यातून."

"श्वेता, वीट काढ," सर म्हणाले आणि माउस माझ्याकडं सरकवला.

मी बाण विटेवर नेला. मोठ्या स्क्रीनवर ती जवळून दिसत होती. चुन्यात पप्पांच्या बोटांचे ठसे उमटलेले होते, ओळीनं चार. माझ्या डोक्यात काय काय चालू होतं. बोलले तर सर विचारणार, आधी का नाही सांगितलंस. सगळ्यांना कळणार मी कुठली. भिंत तरीही पडेल. माझ्या बोलण्यानं असे आराखडे बदलत नाहीत. एकदा वाटलं, नुसती वीट तर आहे, फोटोतली. समोर धूळ उठलेली होती, आणि ती खाली बसायची वाट बघण्याइतका वेळ माझ्याकडं नव्हता.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

ओरड नेहमीसारखीच गळ्याशी आली होती. ती निघाली तेव्हा मोठी नव्हती. एसीच्या आवाजापेक्षा जराशी वर असेल.

"ती वीट काढता येणार नाही, सर," मी म्हणाले. "तिथं सलीम चाचा बसतात. त्यांच्या डावीकडं मी बसते."